पावसाळ्यातील प्रवास आणि मोटारीच्या टायरची निवड

मे महिन्याच्या उत्तरार्धात राज्यातील बहुतेक कार्यालयांतून पावसाळ्याच्या पूर्वतयारीची टिपणे फिरू लागतात. नालेसफाई, धोक्याच्या दरडी, पूररेषेखालील वस्त्या, औषधांचा साठा, संपर्काचे दूरध्वनी क्रमांक या साऱ्यांची त्यांत नोंद असते. ज्या वाहनांतून ही यंत्रणा भर पावसात धावणार असते, त्या वाहनांच्या टायरची नोंद मात्र क्वचितच आढळते. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका असो, गटविकास अधिकाऱ्यांची जीप असो, शाळेने ठरविलेली व्हॅन असो किंवा एखाद्या शिक्षकाने कर्ज काढून घेतलेली लहान मोटार असो, टायर बदलण्याचा निर्णय बहुधा दोन गोष्टींवर होतो : टायर किती किलोमीटर चालला आणि नवा किती रुपयांना मिळतो. कोरड्या आठ महिन्यांसाठी हे दोन निकष एक वेळ पुरतील. उरलेल्या चार महिन्यांसाठी ते पुरेसे नाहीत, आणि कोकण, सह्याद्रीचे घाट व पूर्व विदर्भ या भागांत तर मुळीच नाहीत.

पोस्टकार्डाएवढा आधार

प्रवाशांसह १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार घेतली, तर प्रत्येक चाकावर साधारण ३०० किलोग्रॅम भार येतो. टायरमधील हवेचा दाब ३२ पौंड असेल, तर तो दर चौरस सेंटीमीटरला सुमारे सव्वादोन किलोग्रॅम भरतो. भाराला दाबाने भागले असता उत्तर येते सुमारे १३३ चौरस सेंटीमीटर. टपाल खात्याच्या साध्या पोस्टकार्डाचे क्षेत्रफळ जवळपास एवढेच असते. टायरच्या बाजूंचा ताठरपणा धरला तर हा आकडा थोडाफार बदलेल; परंतु मोटार रस्त्याला टेकते ती अशा चार पोस्टकार्डांवर, ही कल्पना खरीच आहे. ब्रेक दाबणे, वळण घेणे, समोर आलेल्या गुराला चुकविणे, ही सारी कामे या चार तुकड्यांतूनच पार पडतात.

पाऊस सुरू झाला की या तुकड्यांवर आणखी एक काम येऊन पडते, ते म्हणजे पाणी बाजूला सारण्याचे. टायरच्या पृष्ठभागाची रुंदी पंधरा सेंटीमीटर, रस्त्यावरील पाण्याचा थर तीन मिलिमीटर आणि वेग ताशी ८० किलोमीटर धरला, तर प्रत्येक पुढच्या टायरच्या वाटेत दर सेकंदाला सुमारे दहा लिटर पाणी येते. एक लहान बादलीभर पाणी सेकंदाच्या आत बाजूला काढले, तरच रबर रस्त्याला लागणार. टायरवरील खाचा शोभेसाठी वा केवळ चिखलात पकड मिळावी म्हणून असतात, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. पक्क्या रस्त्यावर त्यांचे मुख्य काम पाण्याला वाट करून देणे हे होय. गोल फिरणाऱ्या रुंद खाचा पाणी मागे नेतात, आडव्या खाचा ते कडेला फेकतात, आणि बारीक चिरा उरलेला ओलावा फोडून रबराला डांबरापर्यंत पोहोचू देतात. कोरडी पकड रबर देते. ओली पकड रबर आणि खाचा मिळून देतात.

घसरण्याचे दोन प्रकार

पावसात वाहन घसरले, एवढेच म्हणून भागत नाही. घसरण्याचे दोन निराळे प्रकार आहेत आणि टायर निवडताना दोन्ही ध्यानी घ्यावे लागतात.

पहिला प्रकार पाण्यावर तरंगण्याचा. वेग वाढत जातो तसतसा टायरपुढील पाण्याला बाजूला होण्यास अवधी मिळेनासा होतो. पाण्याची पाचर टायरखाली शिरते आणि एका क्षणी टायर रस्त्यावरून उचलला जाऊन पाण्यावर चालू लागतो. सुकाणू एकाएकी हलके लागते, ब्रेक दाबूनही वेग कमी होत नाही. या प्रकाराचा पद्धतशीर अभ्यास प्रथम विमानांच्या चाकांसाठी झाला. अमेरिकेच्या नासा या संस्थेतील वॉल्टर हॉर्न व रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दाखविले की, पाण्याचा थर खाचांना पुरून उरत असेल, तर तरंगण्याचा वेग मुख्यतः हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्यांचे सूत्र किलोमीटरमध्ये आणले, तर ३२ पौंड दाबाला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर आणि २४ पौंडाला ताशी सुमारे ८२ किलोमीटर येतो. मोटारीचा टायर व विमानाचा टायर यांत फरक आहे, तेव्हा हे आकडे काटेकोर मानू नयेत. पण दिशा त्यांतून स्पष्ट होते. हवा कमी झाली की धोक्याचा वेग खाली येतो. आणि खाचा खोल असतील तोवर पाण्याचा बराच भाग त्यांत सामावतो व धोका लांबतो.

दुसरा प्रकार कमी वेगातील साध्या घसरणीचा. आंबोली, करूळ किंवा वरंध घाटात ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी जीप पाण्यावर तरंगत नाही. तेथे अडचण असते ती रस्त्यावरील पातळ, निसरड्या थराची. पहिल्या वळवाच्या सरीनंतर उन्हाळाभर साचलेले तेल, धूळ व रबराचा चुरा यांचे ओशट मिश्रण रस्त्यावर पसरते. कोकणात त्यात जांभ्याची लाल माती मिसळते. दरडीखालच्या वळणावर शेवाळही असते. येथे कामी येतो तो रबराचा मऊपणा, आणि जुन्या, कडक झालेल्या टायरमध्ये नेमका तोच नसतो. वेगाचा हिशेबही येथे विसरून चालत नाही. ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाळीसऐवजी साठच्या वेगाने जाणाऱ्या वाहनाला थांबण्यास सव्वादोन पट अंतर लागते.

पूर्वी आपल्याकडे पहिला प्रकार फारसा अनुभवास येत नसे, कारण तेवढ्या वेगाने जाता येईल असे रस्तेच नव्हते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि २०२२ ते २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग यांनी ही परिस्थिती पालटली आहे. बुलढाणा किंवा वाशीम जिल्ह्यातील ज्या मोटारीने वर्षानुवर्षे साठच्या पुढे काटा नेला नव्हता, तीच आज मुंबईच्या बैठकीसाठी शंभरच्या वेगाने धावते. टायर मात्र तेच असतात. २०२३ साली परिवहन विभागाने समृद्धीवर वाहनांच्या टायरची तपासणी हाती घेऊन झिजलेल्या टायरच्या वाहनांना प्रवेश नाकारण्यास सुरुवात केली, ती याच जाणिवेतून.

हवामान खात्याच्या वर्गीकरणात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर तो जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार गणला जातो. रस्त्याच्या दृष्टीने मात्र दिवसाच्या बेरजेपेक्षा त्या अर्ध्या तासात किती कोसळला, हेच मोजावे लागते. मराठवाड्यात वर्षाचा पाऊस थोडा असला तरी एखादी सर अशी येते की सपाट रस्त्यावरील चाकोऱ्या भरून वाहू लागतात. तेव्हा हा विषय केवळ कोकणचा, असे मानण्याचे कारण नाही.

कायद्याची मर्यादा आणि पावसाची गरज

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आहे. मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरची किमान ०.८ मिलिमीटर खोल असली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. नव्या मोटार-टायरची खाच साधारण सात ते आठ मिलिमीटर खोल असते. खाचेच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायरच्या कडेवरील लहानसा त्रिकोण किंवा झीजदर्शक खूण त्यांची जागा दाखविते. पृष्ठभाग झिजून या उंचवट्यांशी समपातळीत आला की टायरचे कायदेशीर आयुष्य संपले.

या मर्यादेचा अर्थ बहुतेक जण उलटा लावतात. १.६ मिलिमीटरपर्यंत टायर सुरक्षित आणि त्यानंतर असुरक्षित, असे ते समजतात. वास्तविक ओली पकड सात मिलिमीटरपासूनच हळूहळू कमी होत जाते आणि तीन मिलिमीटरच्या खाली ती झपाट्याने ढासळते. ब्रिटनमधील मायरा या वाहन-संशोधन संस्थेने ओल्या रस्त्यावर घेतलेल्या चाचण्यांत, ६.७ मिलिमीटर खाच असलेल्या टायरच्या तुलनेत १.६ मिलिमीटर खाचेच्या टायरला थांबण्यासाठी डांबरी पृष्ठभागावर सुमारे ३७ टक्के आणि गुळगुळीत काँक्रीटवर सुमारे ४५ टक्के अधिक अंतर लागले. समृद्धी महामार्ग काँक्रीटचा आहे, आणि मुंबई–गोवा महामार्गाच्याही मोठ्या भागाचे काँक्रिटीकरण झाले आहे, हे ध्यानात घेता दुसरा आकडा आपल्याला अधिक जवळचा आहे. काँक्रीटवर मुद्दाम आडव्या रेघा पाडलेल्या असतात आणि त्यांचा उपयोग होतो. तथापि वाहतुकीने त्याही झिजतात.

म्हणून पावसाळ्यापुरता नियम वेगळा असावा. मे महिन्याच्या तपासणीत ज्या टायरची खाच तीन मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तो पावसाळ्यापूर्वी बदलावा. कोरड्या ऋतूत तोच टायर आणखी काही हजार किलोमीटर निर्धास्त चालला असता, हे खरे. त्यामुळे हा निर्णय खर्चाच्या दृष्टीने बोचतो आणि लेखाशाखेला तो पटवून द्यावा लागतो. मात्र वाहन पावसाळ्यात थोडे चालत असेल आणि खाच चार-साडेचार मिलिमीटर असेल, तर केवळ खबरदारी म्हणून टायर काढून टाकणे ही उधळपट्टी होय.

खोली मोजण्यासाठी सुट्या भागांच्या दुकानात लहान मापक स्वस्तात मिळते. शाळेच्या कंपासपेटीतील पट्टी वापरण्याचा मोह होतो, पण बहुतेक पट्ट्यांचा शून्य अगदी टोकाला नसतो. काही मिलिमीटर सोडून तो छापलेला असतो. तशा पट्टीने खोली खरीपेक्षा कमी दिसते आणि चांगला टायरही बाद ठरतो. माप प्रत्येक टायरवर आतल्या, मधल्या व बाहेरच्या अशा तीनही खाचांत घ्यावे. चाकांची रेषा बिघडली असेल, तर आतली बाजू गुळगुळीत होते आणि बाहेरून टायर छान दिसतो. हवा सतत कमी राहिली तर दोन्ही कडा झिजतात, जास्त राहिली तर मध्यभाग झिजतो. अशा वेळी कारण दूर न करता नवा टायर चढविला, तर तोही त्याच वाटेने जातो.

टायरच्या अंगावरील अक्षरे

दुकानातील फलकावर असते त्याहून अधिक विश्वसनीय माहिती टायरच्या बाजूवरच उमटवलेली असते. उदाहरणार्थ, ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ या अक्षरांचा अर्थ असा : टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रचना रेडियल, रिमचा व्यास १४ इंच. ८५ हा भारांक असून तो एका टायरला ५१५ किलोग्रॅम भार दर्शवितो. ‘टी’ हे अक्षर ताशी १९० किलोमीटरपर्यंतच्या वेगाची क्षमता सांगते. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत मूळ माप दिलेले असते. नव्या टायरचे माप तेच असावे आणि भारांक व वेगाक्षर मूळपेक्षा खालचे असू नये.

रुबाबासाठी अधिक रुंद टायर बसविण्याची हौस अलीकडे तालुक्याच्या गावांतही पोहोचली आहे. कोरड्या रस्त्यावर रुंद टायर चांगली पकड देऊ शकतो. साचलेल्या पाण्यात मात्र त्याला अधिक पाणी सारावे लागते आणि तोच भार अधिक रुंदीवर पसरल्याने तो लवकर तरंगतो. पावसाच्या प्रदेशात कारखान्याने ठरवून दिलेली रुंदी सोडण्यात शहाणपण नाही. जीपसारख्या वाहनांना चिखलाचे मोठ्या ठोकळ्यांचे टायर लावण्याविषयीही हेच म्हणता येईल. कच्च्या रस्त्यावर ते उपकारक आहेत. पण ओल्या डांबरावर त्यांचे थोडे ठोकळेच टेकतात आणि ब्रेकचे अंतर वाढते. ज्या वाहनाचे बहुतांश चालणे पक्क्या सडकेवर आहे, त्याला साधा रस्त्याचा टायरच योग्य.

चार अंकी निर्मिती-आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सर्वांत कमी वाचला जातो. पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात. ‘१४२४’ म्हणजे २०२४ सालातील चौदावा आठवडा. हा आकडा टायरच्या एकाच बाजूवर असू शकतो, आणि ती बाजू कधी कधी आतल्या अंगाला असते. रबर वापराविनाही हवेने व उष्णतेने कडक होत जाते. तालुका कार्यालयातील काही वाहने वर्षाकाठी थोडीच चालतात. त्यांच्या टायरच्या खाचा सात-आठ वर्षांनंतरही खोल दिसतात आणि वाहन ‘चांगल्या टायरचे’ समजले जाते. घाटातल्या ओल्या वळणावर या टायरचा खरा गुण कळतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी व दहा वर्षांनंतर टायर कसाही दिसत असला तरी वापरू नये, असा उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला आहे. आपल्या उन्हाळ्याचा विचार करता दहा वर्षांची वाट न पाहणेच बरे. खरेदीच्या वेळीही दुकानात दीर्घकाळ पडून असलेला माल सवलतीच्या दराने दिला जातो, त्यावेळी हा आकडा आधी वाचावा.

ओल्या पकडीची खात्री कशावरून करावी? मोटारीच्या टायरवर भारतीय मानक १५६३३ नुसार आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. ते मजबुतीची किमान हमी देते. त्यापुढे जाऊन, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ साली काढलेल्या अधिसूचनेने मोटारी, बसगाड्या व मालमोटारी यांच्या टायरसाठी एआयएस-१४२ हे मानक लागू केले. ओल्या रस्त्यावरील पकड, फिरताना होणारा विरोध आणि आवाज या तीन गोष्टींच्या किमान अटी त्यात आहेत. निर्यातीच्या दर्जाच्या काही टायरवर वर्तुळात ‘ई’ व त्याच्याजवळ ‘एस २ डब्ल्यू आर २’ अशी अक्षरे आढळतात. त्यांतील ‘डब्ल्यू’ ओल्या पकडीची चाचणी उत्तीर्ण झाल्याचे दर्शविते. या खुणा किमान पात्रता सांगतात, क्रम लावीत नाहीत.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल टायरवरही येऊ लागले आहे. विजेच्या पंख्यावरील किंवा शीतकपाटावरील ताऱ्यांप्रमाणे हे तारे इंधनाच्या बचतीचे आहेत. पाच तारे असलेला टायर पावसात पाच ताऱ्यांचा असेलच असे नाही. फिरताना विरोध कमी व्हावा म्हणून केलेले रबर पूर्वी ओल्या रस्त्यावर कमी पकड देत असे. १९९० नंतरच्या दशकात रबरात काजळीच्या जोडीला सिलिका मिसळण्याची पद्धत रूढ झाली आणि दोन्ही गुण बऱ्याच अंशी एकत्र आणता आले. म्हणून दुकानदाराला ‘अॅव्हरेज किती वाढेल’ असे विचारताना, पृष्ठभागाच्या रबरात सिलिका आहे काय, आणि ओल्या पकडीची युरोपीय प्रतवारी उपलब्ध आहे काय, हेही विचारावे. त्या प्रतवारीत २०२१ पासून ‘ए’ ते ‘ई’ अशी पाच अक्षरे असून ‘ए’ सर्वोत्तम होय.

अमेरिकी पद्धतीने ‘ट्रेडवेअर’ या शब्दापुढे छापलेला आकडाही पुष्कळ टायरवर असतो. तो मोठा असेल तर टायर अधिक किलोमीटर टिकेल, असा त्याचा ढोबळ अर्थ. दीर्घायुषी रबर बहुधा कडक असते, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. त्याच्याच शेजारी ‘ट्रॅक्शन’ या शब्दापुढे ‘एए’, ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ अशी श्रेणी असते. ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक दाबून काढलेली असते. वळणावरील पकड किंवा पाण्यावर तरंगणे तिच्यात मोजलेले नसते. तरीही पावसाळी भागासाठी ‘ए’च्या खालची श्रेणी घेऊ नये, आणि दोन टायर सारख्याच किमतीचे असतील तर किलोमीटरच्या आकड्यापेक्षा या अक्षराला वजन द्यावे.

नवी जोडी कोठे बसवावी

चारही टायर एकदम बदलण्याइतका पैसा दरवेळी नसतो. एकच टायर बदलणे शक्यतो टाळावे. एका आसावरील दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे व सारख्या झिजेचे असावेत. प्रश्न उरतो तो नवी जोडी पुढे बसवावी की मागे. आपल्याकडील बहुतेक चालक व कित्येक दुकानदारही नवी जोडी पुढे लावतात. सुकाणू पुढे, लहान मोटारीत इंजिनाची ताकद पुढे, ब्रेकचा जास्त भार पुढे. तेव्हा चांगला टायरही पुढेच हवा, हे तर्कशास्त्र वरवर बिनतोड वाटते.

टायर-उत्पादकांचा सल्ला याच्या नेमका उलट आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. ओल्या वळणावर पुढच्या चाकांची पकड सुटली, तर मोटार सुकाणू फिरवूनही सरळ बाहेरच्या बाजूला जाऊ लागते. चालक घाबरून पाय उचलतो, वेग उतरतो, आणि पुष्कळदा पकड परत येते. मागच्या चाकांची पकड आधी सुटली, तर मोटारीचा मागचा भाग झोका घेतो आणि गाडी स्वतःभोवती फिरते. येथे तोच सहजप्रवृत्तीचा उपाय, म्हणजे एकदम पाय उचलणे किंवा ब्रेक दाबणे, संकट वाढवितो. कारण भार पुढे जातो आणि मागची चाके आणखी हलकी होतात. असे वाहन सावरण्याचे कौशल्य शिकविलेल्या चालकांतही थोड्यांकडे असते. म्हणून खोल खाचांची जोडी मागे आणि मागची अर्धवट झिजलेली जोडी पुढे, असा क्रम ठेवावा. वाहन पुढच्या चाकांनी ओढले जाणारे असो किंवा मागच्या चाकांनी ढकलले जाणारे, नियम एकच.

अर्थात ही पुढची जोडीही पावसाच्या लायकीची हवी. गुळगुळीत टायर पुढे ठेवून मागे नवे लावणे हा उपाय नव्हे. ठराविक किलोमीटरनंतर टायरची अदलाबदल करीत गेल्यास चारही टायर साधारण एकदमच संपतात आणि हा पेच फारसा उद्भवत नाही. २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची झालेली एबीएस ब्रेकव्यवस्था या बाबतीत किती साहाय्य करते, असे विचारले जाते. ती चाक जाम होऊ देत नाही व सुकाणू चालू ठेवते. जी पकड टायरकडे नाही ती मात्र तिला निर्माण करता येत नाही.

हवेविषयी

‘पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे टायर रस्त्याला जास्त चिकटतो’ हा सल्ला गॅरेजपासून एस. टी. स्थानकापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. वाळूत किंवा गाळात रुतलेल्या वाहनापुरता तो उपयोगी असेल. ओल्या पक्क्या रस्त्यावर तो घातक आहे. हवा कमी झाली की टायरचा मध्यभाग आत दबतो, खाचा आवळल्या जातात आणि पाण्याची वाट बंद होते. धोक्याचा वेग कसा खाली येतो, हे वर आलेच आहे. दाब दाराजवळील पट्टीवर दिल्याप्रमाणे, चाके थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा तपासावा. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा हा कमाल दाब असतो. तेवढा भरावयाचा नसतो. नायट्रोजन भरल्याने ओल्या रस्त्यावरील पकडीत फरक पडत नाही.

खरेदीच्या टिपणात

सरकारी व निमसरकारी वाहनांच्या बाबतीत निवड चालक करीत नाही. ती कागदावर होते. मागणीपत्रात केवळ माप आणि नग लिहिले, तर त्या मापाचा सर्वांत स्वस्त टायर येणे क्रमप्राप्तच आहे. त्याच मागणीत भारांक व वेगाक्षर, आयएसआय चिन्ह व एआयएस-१४२ ची पूर्तता, ट्रॅक्शन श्रेणी ‘ए’ किंवा वरची, आणि पुरवठ्याच्या दिवशी निर्मितीस सहा महिन्यांहून अधिक काळ झालेला नसावा, एवढ्या अटी घातल्या तर दराची स्पर्धा समान दर्जाच्या मालात होते. टायर ताब्यात घेताना निर्मितीचा आकडा साठा-नोंदवहीत उतरवून घ्यावा. हे काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे. नव्या टायरवर साच्याचा गुळगुळीत थर असतो आणि तो निघून जाईपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर सावकाश चालवावे लागते. ते अंतर कोरड्या रस्त्यावर पार पडलेले बरे.

पुनःस्तर दिलेले, म्हणजेच बोलीभाषेत ‘रिमोल्ड’ टायर, अवजड वाहनांसाठी शास्त्रशुद्ध पद्धतीने वापरले जातात. लहान मोटारीसाठी त्या वाटेला जाऊ नये. रस्त्याकडेच्या दुकानांत झिजलेल्या टायरच्या खाचा गरम हत्याराने पुन्हा कोरून, वर काळे पॉलिश लावून तो विकला जातो. अशा टायरमध्ये खाच खोल दिसते, पण तिच्या तळाशी रबराचा पातळ पापुद्राच उरलेला असतो. कडेवरील झीजदर्शक खुणेसमोर खाचेत उंचवटा दिसत नसेल, तर तो टायर कोरलेला समजावा.

महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावयाची आहे. शाळा सुरू होण्याच्या सुमारासच पाऊस सुरू होतो, तेव्हा समितीच्या जूनमधील पहिल्या बैठकीपूर्वी प्रत्येक व्हॅनच्या पाचही टायरची खोली व निर्मितीचे वर्ष एका कागदावर लिहून घेणे अर्ध्या तासाचे काम आहे. पाचवा टायर म्हणजे स्टेपनी. बहुतेक व्हॅनमध्ये तीच सर्वांत जुनी असते, तिच्यातील हवा कोणी पाहिलेली नसते, आणि ती चढविण्याची वेळ भर पावसात, मुले गाडीत असतानाच येते.